प्रक्षोभाचे कथानक : नानावटी खटला आणि बचावाची कथनमीमांसा

१

खुनाच्या आरोपाला उत्तर देताना आरोपीपुढे मोजकेच पर्याय असतात. कृती आपण केलीच नाही, असे तो म्हणू शकतो. कृती आपल्या हातून घडली, पण तो अपघात होता, असे म्हणू शकतो. कृती आपली होती आणि ती करण्याचा आपल्याला अधिकार होता, म्हणजेच ते स्वसंरक्षण होते, असेही म्हणू शकतो. किंवा कृती आपली होती, तिचा अधिकारही नव्हता, तथापि त्या क्षणी आपण आपल्या ताब्यात नव्हतो, असे त्याला म्हणता येते. कायद्याच्या ग्रंथात ही उत्तरे निरनिराळ्या कलमांखाली विखुरलेली असतात. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ती चार कथानके म्हणून दिसू लागतात. कारण कर्ता, कृती आणि काळ यांचा परस्परसंबंध प्रत्येकात निराळा असतो. अपघाताच्या कथानकात कृती आहे, पण कर्ता नाही. प्रक्षोभाच्या कथानकात कर्ता आहे, परंतु तो क्षणापुरता स्वतःपासून दुरावलेला आहे.

भारतीय दंड संहितेने (१८६०) मनुष्यवधाची केलेली मांडणी या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कलम २९९ मध्ये सदोष मनुष्यवधाची व्याख्या होती. तो केव्हा खून ठरतो हे कलम ३०० मध्ये सांगितले होते. आणि खून ठरू पाहणारे कृत्य केव्हा पुन्हा सदोष मनुष्यवधाच्या पायरीवर उतरते, हे त्याच कलमाला जोडलेल्या पाच अपवादांत होते. त्यांतला पहिला अपवाद गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा. अशा प्रक्षोभाने आत्मसंयमनाची शक्ती हरपलेल्या माणसाने प्रक्षोभ देणाऱ्याचा जीव घेतला, तर तो खून नव्हे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. खुनाची व्याख्या १०१ व्या कलमात गेली. हा अपवाद मात्र नव्या संहितेतही कायम राहिला.

या अपवादातील दोन विशेषणे वेगवेगळ्या प्रांतांतली आहेत. ‘गंभीर’ हे मूल्यवाचक विशेषण आहे. कोणत्या गोष्टीने माणसाचे भान सुटावे आणि कोणत्या गोष्टीने सुटू नये, यासंबंधीचा समाजाचा निवाडा त्यात गृहीत आहे. ‘आकस्मिक’ हे कालवाचक विशेषण आहे. कथानकाची गती किती असावी, कारण आणि कृती यांच्यात किती अंतर चालेल, याचे मोजमाप त्यात आहे. एक विशेषण नायकाचे स्वभावचित्र मागते, तर दुसरे घटनांचा क्रम मागते. खुनाचा आरोप खाली आणू पाहणाऱ्या वकिलाला ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. ती दोन्ही एकमेकांना पूरक असतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती एकमेकांना छेद देऊ शकतात हे १९५९ च्या मुंबईतील नानावटी खटल्याने दाखवून दिले, आणि म्हणूनच विधिज्ञांइतकाच तो समीक्षकांच्याही अभ्यासाचा विषय ठरतो.

२

खटल्याचा तपशील परिचित असला तरी त्याचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांना त्यांची पत्नी सिल्व्हिया यांनी प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या आपल्या संबंधांची कबुली दिली. दुपारी नानावटींनी पत्नीला आणि मुलांना मोटारीने सिनेमागृहाशी सोडले, सहा वाजता परत न्यायला येण्याचे सांगितले, आणि ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने अहमदनगरला मोटार न्यायची आहे असे कारण सांगून त्यांनी तेथून एक रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. मग ते आहुजा यांच्या कचेरीत गेले. तिथे ते न भेटल्याने त्यांच्या घरी गेले आणि शयनगृहात शिरले. काही क्षणांतच गोळ्या झाडल्याचे आवाज आले. आहुजा मरण पावले होते. नानावटी यांनी स्वतः जाऊन शरणागती पत्करली.

सत्र न्यायालयात ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांना निर्दोष ठरवले. हा निर्णय मान्य करणे अशक्य वाटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांनी ११ मार्च १९६० रोजी नानावटी यांना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. ते निकालपत्र न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटी यांना माफी दिली. तोवर ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या पानांतून या खटल्याची दुसरी एक संहिता महाराष्ट्रभर आणि त्याबाहेरही पोचली होती. तिच्यात नानावटी हे घराच्या अब्रूचे रक्षण करणारे सरळमार्गी अधिकारी होते आणि आहुजा हे श्रीमंती व विलास यांचे प्रतीक होते. एकाच घटनेच्या या दोन संहिता परस्परांच्या शेजारी कशा वाढल्या, यापुरताच प्रश्न मर्यादित ठेवला तर हाती केवळ वृत्तपत्रांच्या प्रभावाचा इतिहास लागतो. अधिक मूलगामी प्रश्न असा की, न्यायालयात मांडलेला बचाव नेमका कोणत्या कथानकाचा होता?

३

नानावटी यांचा मुख्य बचाव प्रक्षोभाचा नव्हताच, ही गोष्ट लोकस्मृतीने जवळजवळ पुसून टाकली आहे. त्यांच्या निवेदनानुसार आहुजा सिल्व्हियाशी लग्न करून मुलांचा सांभाळ करणार का, एवढेच विचारायला ते गेले होते. आहुजा यांनी उर्मट उत्तर दिले. नानावटींनी रिव्हॉल्व्हर असलेले पाकीट बाजूला ठेवून त्यांना मारण्याचा पवित्रा घेतला. आहुजा यांनी पाकिटाकडे झेप घेतली. झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. म्हणजे हा अपघात होता, आणि त्याचा आधार संहितेच्या ८० व्या कलमात होता. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा मुद्दा पर्यायी युक्तिवाद म्हणून येतो.

कथनाच्या अंगाने पाहता ही दोन कथानके एकमेकांशी सुसंगत नाहीत. अपघातात गोळी झाडण्याचा हेतू नसतो. प्रक्षोभात तो असतो, परंतु त्या हेतूवरचा ताबा सुटलेला असतो. ‘मी त्याला मारले नाही’ आणि ‘मी त्याला मारले, पण मी भानावर नव्हतो’ ही दोन वाक्ये एकाच निवेदकाच्या तोंडी एकाच वेळी शोभत नाहीत. कायद्याला ही विसंगती चालते. पर्यायी बचाव मांडण्याची मुभा हा आरोपीचा एक मौलिक अधिकार आहे, आणि त्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. मात्र परिणाम असा होतो की बचावाच्या संहितेत एकाच नावाचे दोन नायक वावरू लागतात. त्यांच्यापैकी ज्युरीने कोणाला सोडून दिले? खून आणि सदोष मनुष्यवध या दोन्ही आरोपांतून ज्युरीने नानावटींना मुक्त केले. प्रक्षोभ मान्य झाला असता तर सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा अटळ होती. तेव्हा ज्युरीचा निर्णय कायद्याच्या भाषेत अपघाताची कथा स्वीकारतो. रस्त्यावरच्या जल्लोषाने मात्र त्याचा अर्थ ‘अशा वेळी कोणीही पुरुष हेच करील’ असा लावला. निर्णय एका कथेच्या नावाने झाला आणि साजरा झाला दुसरीच्या नावाने.

सरकार पक्षाने अपघाताच्या कथेविरुद्ध पुढे केलेल्या पुराव्यांत एक वस्तू होती : टॉवेल. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते आणि त्यांच्या अंगाला केवळ एक टॉवेल गुंडाळलेला होता. दोन धडधाकट पुरुषांत जीव खाऊन झटापट झाली असती तर तो टॉवेल जागेवर राहिला नसता. मृतदेहावर तो जागेवर होता. पुढे मुंबईच्या रस्त्यांवर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ विकत होते, असे त्या काळाविषयीच्या लेखनात नमूद आहे. न्यायालयातील पुराव्याची वस्तू बाजारात जाऊन चिन्ह बनली आणि त्या प्रवासात तिचा अर्थ पूर्णपणे उलटला. न्यायालयात टॉवेल हा मृताच्या बाजूचा एकमेव साक्षीदार होता. बाजारात तो मृताच्या चारित्र्यावरचा शेरा झाला.

येथे ‘कायदा म्हणजे कथन’ या भूमिकेची मर्यादाही तपासून पाहता येते. जेम्स बॉइड व्हाइट यांचा ‘द लीगल इमॅजिनेशन’ (१९७३) हा ग्रंथ आणि रॉबर्ट कव्हर यांचा ‘नोमोस अँड नॅरेटिव्ह’ (१९८३) हा निबंध यांच्यापासून कायद्याकडे संहिता म्हणून पाहण्याची एक परंपरा दृढ झाली. तिचा सोपा अर्थ काढणारे म्हणू लागले की न्यायालयात सत्य नसते, अधिक प्रभावी कथा तेवढी जिंकते. कव्हर यांनी स्वतःच १९८६ च्या एका निबंधात या सुलभीकरणाला अडसर घातला. न्यायाधीशाने लावलेल्या अन्वयार्थाने माणसाचे स्वातंत्र्य, मालमत्ता, प्रसंगी प्राण जातो, आणि कवितेच्या अन्वयार्थाला ही जबाबदारी नसते, याची त्यांनी आठवण करून दिली. जागेवर राहिलेला टॉवेल याच जातीचा अडसर आहे. तो स्वतः कोणतीही कथा सांगत नाही. मात्र एका विशिष्ट कथेला तो आपल्या अंगावरून पुढे जाऊ देत नाही. बचावाचे कथन म्हणून वाचन करताना सर्व कथने समान मोलाची ठरवण्याची गरज नाही, हे त्यातून सूचित होते.

४

अपघाताची कथा मोडल्यावर उरते ती प्रक्षोभाची. तिच्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने जे विवेचन केले ते पुढील अनेक खटल्यांना आधारभूत ठरले. कृती आरोपीच्याच सामाजिक वर्गातील समंजस माणसाच्या मापाने मोजावी. भारतात शब्द आणि हावभावदेखील काही परिस्थितीत प्रक्षोभ ठरू शकतात. मृताच्या पूर्वीच्या वर्तनाने तयार झालेली मानसिक पार्श्वभूमी विचारात घेता येते. आणि प्राणघातक प्रहार हा प्रक्षोभाच्या आवेगातूनच झालेला असावा, तो आवेग काळाच्या ओघात थंडावल्यानंतरचा नसावा. या चार सूत्रांपैकी पहिली तीन आरोपीला अवकाश देतात, आणि चौथे तो काळाच्या मापाने आवळते.

न्यायालयाने घड्याळ पुढे ठेवले. नानावटी घरातून निघाले ते दीडच्या सुमारास; मृत्यू घडला चार वाजून वीस मिनिटांनी. मधल्या जवळजवळ तीन तासांत सिनेमागृह, जहाज, शस्त्र मिळवण्यासाठी दिलेले खोटे कारण, कचेरी आणि घर एवढे टप्पे आहेत. मात्र घड्याळापेक्षाही अधिक निर्णायक ठरले ते नानावटींचे स्वतःचे निवेदन. ते खरे मानले तरी, न्यायालयाने म्हटले, त्यातून दिसतो तो पत्नीच्या आणि मुलांच्या भवितव्याचा विचार करणारा माणूस. आणि भवितव्याची आखणी करणाऱ्या माणसाने आत्मसंयमन परत मिळवलेले असते.

या युक्तिवादात खटल्याची सारी शोकात्म वक्रता एकवटली आहे. कुटुंबवत्सल, जबाबदार, मुलांची काळजी वाहणारा अधिकारी ही प्रतिमा ‘गंभीर’ या विशेषणासाठी आवश्यक होती. असा माणूस दुखावला गेला म्हणूनच आघात गंभीर ठरतो. परंतु हीच प्रतिमा ‘आकस्मिक’ या विशेषणाला घातक ठरली. मुलांना सिनेमाला सोडून येणारा बाप विवेकी आहे, आणि विवेकी माणसाचे भान सुटलेले नाही. स्वभावचित्र जितके रेखीव, तितका घटनाक्रम दुबळा. वृत्तपत्रांतून ज्या गुणांनी नानावटींना वाचवले त्याच गुणांनी निकालपत्रात त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने नायकाची थोरवी नाकारली नाही. ती पूर्णपणे स्वीकारली आणि तिचा तार्किक शेवट दाखवला. समीक्षकाच्या भाषेत, निकालपत्राने बचावाची संहिता तिच्याच अंतर्गत काळानुसार वाचली.

गोळीच्या आधीचा, किंवा दोन गोळ्यांमधला, विराम हा मनुष्यवधाच्या कथनाचा मर्मबिंदू असतो हे अल्बेर कामूच्या ‘द आउटसायडर’ (१९४२) या कादंबरीने आधीच ओळखले होते. मर्सो एक गोळी झाडतो, थांबतो आणि मग आणखी चार झाडतो. तपास करणारा दंडाधिकारी पुन्हा पुन्हा एकच विचारतो : मध्ये का थांबलास? मर्सोजवळ उत्तर नाही. कायद्याला विराम म्हणजे विचार वाटतो. मर्सोच्या अनुभवात तो केवळ विराम आहे. त्याचा वकील न्यायालयात घाईघाईने प्रक्षोभाचाच बचाव मांडतो आणि तो मांडताना आरोपीच्या जागी स्वतः ‘मी’ म्हणतो. मर्सोला याचे नवल वाटते. त्या ‘मी’मुळे आपल्याला आपल्याच खटल्यातून आणखी थोडे दूर सारले गेल्याची जाणीव त्याला होते. वकिलाने आरोपीचे सर्वनाम घेणे ही वकिली परिपाठाची बाब असते. कथनमीमांसेच्या दृष्टीने मात्र ते निवेदकाचे स्थानांतर आहे. बचाव जितका कुशल, तितका आरोपी स्वतःच्या कथेत परका. नानावटी यांच्या बाबतीत हे स्थानांतर वकिलापाशी थांबले नाही. एका साप्ताहिकाने आणि पाठोपाठ एका शहराने त्यांचे ‘मी’ उचलले.

कामूच्या कादंबरीचा आणखी एक विशेष येथे नोंदवायला हवा. त्या खटल्यात मेलेल्या अरब माणसाला नाव नाही आणि न्यायालयाला त्याच्याविषयी फारसे कुतूहलही नाही; खटला चालतो तो मर्सो आईच्या अंत्यविधीला रडला नाही यावर. कामेल दाऊद यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कादंबरीत त्या मृताला मूसा हे नाव आणि एक भाऊ दिला, तेव्हा सात दशकांनंतर त्या कथनातली एक रिकामी जागा भरली गेली. मनुष्यवधाच्या प्रत्येक बचावात मृत माणूस हा असा अनुपस्थित निवेदक असतो. प्रक्षोभाच्या बचावात तर त्याच्यावर दुहेरी भार पडतो. तो मारला गेलेला असतो आणि स्वतःच्या मृत्यूचे कारणही त्यालाच व्हावे लागते.

५

‘गंभीर’ या विशेषणाकडे आता वळता येईल. त्याच्यामागे उभे असलेले पात्र म्हणजे ‘समंजस माणूस’. कायद्याच्या भाषेत हे एक मोजमाप आहे. साहित्याच्या भाषेत ते एक प्रातिनिधिक पात्र आहे, आणि प्रातिनिधिक पात्राला वर्ग, लिंग व काळ असतो. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्याच वर्गातील माणसाचे माप लावावे असे म्हटले, तेव्हा सार्वत्रिक म्हणून वावरणाऱ्या या पात्राचा सामाजिक पत्ता न्यायालयाने प्रथमच उघडपणे लिहिला, असे म्हणता येईल. त्याचे लिंग मात्र लिहायचे राहिले. कारण ते गृहीतच होते. पत्नीच्या व्यभिचाराची वार्ता हा प्रक्षोभाचा आदर्श नमुना मानणारी परंपरा इंग्रजी कायद्यातून आली. त्याच संहितेच्या ४९७ व्या कलमानुसार व्यभिचार हा एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाविरुद्ध केलेला गुन्हा होता. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवले. त्याआधीच्या दीडशेहून अधिक वर्षांत प्रक्षोभाच्या कथानकातील स्त्रीचे स्थान ठरलेले होते. तिची कबुली ही कथेची पहिली घटना. तिच्यानंतरची प्रत्येक घटना दोन पुरुषांमधली.

सिल्व्हिया नानावटी यांनी न्यायालयात पतीच्या बाजूने साक्ष दिली. त्यांची पत्रे पुरावा म्हणून वाचली गेली. खटल्यात त्यांच्याइतके बोललेले आणि त्यांच्याइतके दुसऱ्यांसाठी बोललेले माणूस क्वचितच सापडेल. त्या पत्रांतून अपराधभाव, आशा आणि अनिश्चितता यांचा बराच काळ चाललेला एक वेगळा क्रम डोकावतो. पण त्यांचा उपयोग झाला तो आहुजा यांचा हेतू आणि नानावटी यांचा आघात ठरवण्यापुरता. स्त्रीचा काळ संथ, संचित आणि पुनरावृत्त. अपवादाचा काळ क्षणाचा. पहिल्याचा दुसऱ्यात अनुवाद होत नाही.

मराठी रंगभूमीने या अनुवादाच्या अशक्यतेला रूप दिले ते १९६७ साली ‘रंगायन’ने सादर केलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात. त्यातील अभिरूप खटला लीला बेणारे हिच्यावर भ्रूणहत्येचा, आणि तोही ३०२ व्या, म्हणजे खुनाच्या शिक्षेच्या कलमाखाली चालतो. कायद्याचा जाणकार येथे लगेच अडखळेल, कारण गर्भपातासाठी संहितेत वेगळी कलमे होती. पण ही अडखळच नाटकाचा आशय सांगते. आरोपाचे कलम चुकीचे असले तरी आरोपीची निवड समूहाने आधीच केलेली आहे.

या नाटकातील बचावाची रचना अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे. सुखात्मे हा एकच वकील फिर्यादीची आणि बचावाची अशा दोन्ही भूमिका करतो. फिर्यादी म्हणून तो त्वेषाने बोलतो. बचावाच्या बाजूला येताच त्याचे अंग आणि आवाज दोन्ही गळतात. न्यायाधीशाच्या खुर्चीतला काशीकर साक्षीदार होण्यासाठी खुर्ची सोडतो. सामंत साक्ष देतो ती एका कादंबरीतल्या मजकुराच्या आधाराने, आणि ती खरी ठरते. प्रक्षोभाच्या कथानकात नायकाला जे आयते मिळते, म्हणजे सुपरिचित कथेचा साचा, तोच साचा येथे आरोपीविरुद्ध वापरला जातो. ज्याच्यामुळे हे सारे घडले तो प्राध्यापक दामले अनुपस्थित असतो. शेवटी बेणारेला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. तिचे प्रदीर्घ स्वगत रंगमंचावरच्या कोणालाही ऐकू जात नाही; ते केवळ प्रेक्षकांना ऐकू येते. घड्याळातले दहा सेकंद आणि स्वगताची लांबी यांतील तफावत हा रंगमंचीय संकेत तर आहेच, पण त्यातून एक विधिविषयक टीकाही होते. बेणारेला जे सांगायचे आहे ते कोणत्याही अपवादाच्या काळात मावणारे नाही. आणि शिक्षा? जिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याचीच आज्ञा न्यायाधीश देतो. आरोप आणि शिक्षा एकरूप होतात, तेव्हा बचावाला जागाच उरत नाही.

नानावटी यांचा खटला खरा आणि बेणारेचा खोटा, हे भेद मान्य करूनही एक साम्य उरते. दोन्हीकडे निर्णय झाला तो समूहाला आधीपासून पाठ असलेल्या गोष्टीच्या आधारे. फरक इतकाच की पहिल्या खटल्यात त्या गोष्टीवर अपील करता आले.

६

इंग्लंडमध्ये, जिथून हा अपवाद भारतात आला, तिथे त्याच्या काळाविषयीचा प्रश्न एका स्त्रीच्या खटल्यानेच ऐरणीवर आला. किरणजित अहलुवालिया या पंजाबी स्त्रीने दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ मध्ये झोपलेल्या पतीला आग लावली. तो मरण पावला आणि तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९४९ च्या डफी खटल्यापासून इंग्रजी न्यायालये प्रक्षोभासाठी आत्मसंयमनाचा ‘आकस्मिक आणि तात्पुरता’ लोप आवश्यक मानत होती. पती झोपलेला आहे, पत्नी वाट पाहत आहे, हा क्रम त्या व्याख्येत बसत नव्हता. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला, परंतु प्रक्षोभाच्या आधारावर नव्हे. मानसिक आजारामुळे जबाबदारी कमी झाल्याचा पुरावा पुढे आला नव्हता, या आधारावर. म्हणजे सुटका मिळाली ती दुखावलेल्या समंजस व्यक्तीच्या नव्हे, तर आजारी मनाच्या भूमिकेत. संतापलेल्या पुरुषाचे कर्तेपण जपून त्याला सवलत देणारा कायदा, सोसलेल्या स्त्रीला सवलत देताना तिचे कर्तेपण आधी काढून घेतो.

२००९ च्या कायद्याने तेथील प्रक्षोभाचा बचाव रद्द झाला आणि त्याच्या जागी आत्मसंयमन सुटण्याचा नवा बचाव आला. संयम सुटणे आकस्मिक असण्याची अट त्यात उरली नाही, आणि लैंगिक बेइमानीकडे कारण म्हणून दुर्लक्ष करावे असे ठरले. कथानकाच्या भाषेत सांगायचे तर काळाचे बंधन सैल झाले आणि जुन्या कथेची पहिली घटना खोडली गेली. १९५९ च्या नानावटी यांना त्या कायद्याखाली सुरुवातच करता आली नसती. मात्र कथा इतक्या सहजासहजी खोडल्या जात नाहीत. २०१२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने संदर्भ म्हणून बेइमानीचा विचार पुन्हा आत घेतला.

भारतात असा बदल विधिमंडळाने केला नाही. तो निकालपत्रांच्या समासात होत राहिला. नानावटी निकालपत्राने मान्य केलेल्या ‘मानसिक पार्श्वभूमी’च्या सूत्राला मोठे भविष्य होते. १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, छळाला कंटाळून मुलांसह आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या आणि मुले मेल्यावर खुनाच्या आरोपाला सामोऱ्या गेलेल्या एका आईच्या प्रकरणात, दीर्घकाळ साचत गेलेल्या प्रक्षोभाची कल्पना मांडली. त्यासाठी न्यायालयाला आठवली ती नल्लतंगाळ, म्हणजे मुलांसह विहिरीत उडी घेणारी तमिळ लोककथेतली स्त्री. कायद्याच्या ग्रंथात ज्या काळाला शब्द नव्हता तो शब्द लोककथेतून घ्यावा लागला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. सामंताच्या हातातली कादंबरी आरोपीला अडकवते. नल्लतंगाळची कथा आरोपीला सोडवू पाहते. दोन्ही ठिकाणी न्यायालयात शिरलेली गोष्ट ही गोष्टच आहे. तिची पारख कशी करायची हा प्रश्न उरतो.

त्या पारखेची दोन मापे या विवेचनातून हाती येतात. पहिले माप टॉवेलचे : जी वस्तू कथेला विरोध करते तिच्यापुढे कथेने थांबले पाहिजे. दुसरे माप दहा सेकंदांचे : कथा मांडायला ज्याला वेळच मिळाला नाही त्याच्या मौनाचा अर्थ कबुली असा लावता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये पहिले माप चोखपणे वापरले, आणि लोकप्रिय नायकालाही त्यातून सूट दिली नाही. दुसरे माप वापरण्याची वेळ त्या खटल्यात आली नाही, कारण तिथे बोलायला वेळ मिळालेल्यांचीच कथा न्यायालयासमोर होती. नव्या न्याय संहितेतही ‘गंभीर’ आणि ‘आकस्मिक’ ही विशेषणे शेजारीशेजारी उभी आहेत. जोवर ती तशी उभी आहेत तोवर, कोणाचा संताप क्षणाचा मानला जातो आणि कोणाच्या सोसण्याला पूर्वनियोजन म्हटले जाते, हे वाचत राहण्याचे काम विधिज्ञांइतकेच समीक्षकांचेही राहील.